हजाराची बरणी, लाखांचा हिशोब

रात्री साडेदहाची वेळ. बोईसरच्या एखाद्या नर्सिंग होममधला अरुंद पॅसेज. सेकंड शिफ्ट अर्धी टाकून आलेला भाऊ कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच बाकड्यावर बसलाय, वहिनीच्या मांडीवर रिपोर्टची पिशवी. ऑपरेशन थिएटरचं दार अर्धवट उघडतं आणि सिस्टर स्टीलचा किडनी ट्रे पुढे करतात. त्यात बोटभर लांबीचं, लालसर, सुजलेलं काहीतरी. "हे बघा, काढलं." कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतो. सिस्टर विचारतात, "तपासणीला पाठवायचं का? हजार-बाराशे जास्त होतील." भाऊ खिशातला हिशोब मनातल्या मनात करतो आणि म्हणतो, "आता निघालंय ना, मग कशाला?"

हा "कशाला" किती महागात पडू शकतो, ते सांगण्यासाठी हा लेख. अपेंडिक्सच्या आजारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी बाब म्हणजे काढलेल्या अपेंडिक्सची तपासणी. पुढचे लाख रुपये खर्च होणार की एकही होणार नाही, हे त्या बरणीत ठरतं.

अपेंडिक्सचा ट्यूमर दुर्मीळ आहे. काढलेल्या शंभर अपेंडिक्सपैकी साधारण एकात किंवा त्याहूनही कमी वेळा तो सापडतो. पण गोम अशी की तो आधी कळत नाही. दुखतं नेहमीसारखंच, बेंबीपासून उजवीकडे, ताप-उलटीसकट. सोनोग्राफीत "अॅक्यूट अपेंडिसायटिस" एवढंच येतं. सर्जनच्या डोळ्यांनाही पुष्कळदा फक्त सूज दिसते. खरं काय ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

आता या खर्चाचा हिशोब क्रमाने मांडू. खालचे आकडे ढोबळ आहेत. रुग्णालय, खोलीचा वर्ग आणि गुंतागुंत यांवर ते हलतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी अंदाजपत्रक लेखी घ्या. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. विचारायला लाजू नका.

पहिलं ऑपरेशन

पालघर-बोईसरमध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढायला खासगीत चाळीस ते ऐंशी हजार लागतात. फुटलेलं असेल, पू झाला असेल तर लाखाच्या पुढेही जातं. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा, खर्च बहुतेक ठिकाणी दीड हजाराच्या आत. बिलात हा "लॅब" या नावाखाली असतो किंवा नसतोच, म्हणून डिपॉझिट भरतानाच विचारा: "काढलेला भाग तपासणीला जाणार ना? कुठल्या लॅबला?" नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, नावाची चिठ्ठी लावून जायला हवा. सलाइनमध्ये किंवा कोरड्या डबीत ठेवलेला भाग सडतो आणि मग कुणीच काही सांगू शकत नाही. बरणीवर नाव, वय आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एका रात्रीत तीन ऑपरेशनं झालेली असतात, चिठ्ठ्यांची अदलाबदल अशक्य नाही.

रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो आणि तो घ्यायला कुणी जात नाही, हाही इथला नेहमीचा किस्सा. टाके निघाले, माणूस कामाला लागला, रिपोर्ट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. आमच्याच घरातल्या एका ऑपरेशनचा कागद मी दोन महिन्यांनी आणला. सुदैवाने त्यात काही नव्हतं, पण तो कागद इतके दिवस कुणीच वाचला नव्हता, अगदी ज्यांनी मागवला त्यांनीसुद्धा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अपेंडिक्सभोवती पूची गाठ झाली की बरेचदा अँटिबायोटिकवर निभावून नेतात आणि "आता ऑपरेशनची गरज नाही" असं सांगतात. पैसे वाचल्याचा आनंद होतो. फिनलंडमध्ये अशाच रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या रुग्णांत इतके ट्यूमर सापडले की अभ्यास मध्येच बंद करावा लागला, आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. तेव्हा या वयात गाठ विरल्यावर दोन-तीन महिन्यांनी अपेंडिक्स काढायचा सल्ला मिळाला, किंवा सहा ते बारा हजारांची कोलोनोस्कोपी सांगितली, तर डॉक्टर बिल वाढवताहेत असं लगेच समजू नका.

रिपोर्टमधला एक शब्द

रिपोर्टमध्ये ट्यूमर आलाच तर घाबरण्याआधी तो कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण खर्चाची वाट तिथे फुटते.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ज्याला जुने डॉक्टर कार्सिनॉइड म्हणतात, तो बहुधा अपेंडिक्सच्या टोकाला असतो. एक सेंटिमीटरच्या आत असेल आणि पूर्ण निघाला असेल तर अपेंडिक्स काढणं हाच इलाज होता आणि तो झालेला आहे. दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर उजव्या बाजूचं मोठं आतडं काढायचं ऑपरेशन सांगतात. मधल्या आकाराला तज्ज्ञाचं मत घ्यावं लागतं.

दुसरी जात म्हणजे श्लेष्मा तयार करणारी. रिपोर्टवर "लो ग्रेड अपेंडिसियल म्युसिनस निओप्लाझम" असं लांबलचक लिहिलेलं असतं, डॉक्टर त्याला "लॅम्न" म्हणतात. तो अपेंडिक्सच्या आतच असेल, भिंत फुटलेली नसेल, कडा स्वच्छ असतील, तर पुढे आतडं कापायची गरज नसते. ठरावीक अंतराने तपासणी करत राहायचं. इथे घाईने मोठं ऑपरेशन करून घेणारे आणि "काही नाही" म्हणून विसरून जाणारे, दोन्ही चुकतात.

तिसरी जात खऱ्या अर्थाने कर्करोगाची: अॅडिनोकार्सिनोमा, गॉब्लेट सेल, सिग्नेट रिंग. इथे उजवं मोठं आतडं काढणं आणि पुष्कळदा केमो, असा मार्ग असतो. मुंबईच्या खासगी रुग्णालयात फक्त या ऑपरेशनला अडीच ते पाच लाख धरावेत.

या तिन्हींत फरक करणं सोपं नाही. अपेंडिक्सचा ट्यूमर रोज पाहणारा पॅथॉलॉजिस्ट आपल्याकडे नसतो, हा कुणाचा दोष नाही, आजारच विरळा आहे. म्हणून पुढे एक रुपयाही खर्च करण्याआधी स्लाइड दुसऱ्या, कर्करोगाच्या मोठ्या केंद्रातून तपासून घ्या. त्यासाठी लॅबकडून दोन वस्तू मागायच्या: काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर बसवलेला, काडेपेटीहून लहान मेणाचा तुकडा. त्यात तुमच्या पोटातला भाग जपलेला असतो. कडेला पेन्सिलने नंबर लिहिलेला असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. लॅबवाले कधी "आम्ही ब्लॉक देत नाही" म्हणतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रुग्णालयाच्या कागदांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे, त्याचा उल्लेख अर्जात केला की सूर बदलतो.

जेलीचं पोट

श्लेष्मा तयार करणारा ट्यूमर आतल्या आत फुटला की तो चिकट द्रव आणि त्यातल्या पेशी पोटाच्या पोकळीत उतरतात. रक्तातून लांब जाण्याची त्यांना फारशी खोड नसते. पोटातल्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर त्या फिरतात आणि जिथे पाणी साचतं किंवा शोषलं जातं तिथे बसतात: उजव्या कुशीत यकृताच्या वर, ओटीपोटात, आणि आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या थरावर, ज्याला वपा म्हणतात. लहान आतडं सतत हलत असतं म्हणून पहिल्यांदा तेवढं वाचतं. हळूहळू पोट जेलीने भरतं. या अवस्थेला स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय म्हणतात. हे नाव १८८४ मध्ये वेर्थ या जर्मन डॉक्टरने दिलं. हॉलीवूडची ऑड्री हेपबर्न १९९३ मध्ये गेली ती अपेंडिक्सपासून सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने.

युरोपातल्या आकड्यांप्रमाणे दहा लाख लोकांत वर्षाला एक ते चार जणांना हे होतं. पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस लाखांच्या जवळ होती. तोच हिशोब लावला तर जिल्ह्यात वर्षाला तीन ते बारा माणसं. त्यातली किती जण नेमक्या निदानापर्यंत पोचत असतील, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

पोचत नाहीत, कारण लक्षणं फसवी आहेत. पँटचं हुक लागत नाही, म्हणजे सुटलेलं पोट. पुरुषाला नवा हर्निया होतो, त्याचं ऑपरेशन होतं आणि पिशवीत जेली सापडते. बाईला अंडाशयात गाठ दिसते, स्त्रीरोगतज्ज्ञ ती काढतात आणि अपेंडिक्सकडे कुणी बघत नाही. आणि आपल्या भागातला सगळ्यात मोठा चकवा म्हणजे पोटाचा टीबी. पोटात पाणी, वपा जाड झालेली, रक्तातलं सीए-१२५ वाढलेलं, हे दोन्हीकडे दिसू शकतं. पुरावा न मिळवता टीबीची औषधं सुरू होतात आणि सहा महिने निघून जातात. सुई घालूनही पाणी निघत नाही, निघालं तर घट्ट, चिकट निघतं, असं डॉक्टर म्हणाले की तिथेच थांबून विचारा: "अपेंडिक्स कसं दिसतंय?"

या टप्प्यावरचा खर्च असा. कॉन्ट्रास्ट घालून पोटाचा सीटी सहा ते बारा हजार. रक्तातले सीईए, सीए १९-९, सीए-१२५ मिळून तीन-चार हजार. पेट सीटीला बारा ते पंचवीस हजार लागतात, पण जेलीच्या ट्यूमरमध्ये पेशी विरळ असल्याने तो बरेचदा नीट पेटत नाही. कुणी पहिल्याच भेटीत पेट लिहून दिला तर "सीटीने भागणार नाही का?" असं विचारायला हरकत नाही. सीटीची सीडी किंवा लिंक जपून ठेवा. मोठ्या केंद्रातले डॉक्टर रिपोर्टपेक्षा चित्र बघतात, आणि सीडी हरवली तर पुन्हा तेवढेच पैसे.

एक कळकळीचं सांगणं. "पोट उघडून बघू, निघेल तेवढं काढू" असं जवळच्या रुग्णालयात ठरत असेल, आणि आतडं अडकल्यासारखी तातडी नसेल, तर नम्रपणे नकार द्या. आजार अर्धवट काढलेल्या पोटात चिकटे तयार होतात, पेशी जखमांत रुजतात आणि पुढचं खरं ऑपरेशन अवघड होतं. दीड लाख जातात आणि पुढचे लाखही वाढतात.

मोठं ऑपरेशन

पसरलेल्या आजारावरचं ऑपरेशन म्हणजे दिसेल तो सगळा ट्यूमर खरवडून, पोटाच्या आतल्या अस्तरासकट काढणं. वपा जाते, कधी प्लीहा, कधी पित्ताशय, आतड्याचे तुकडे. नंतर त्याच टेबलावर ४१ ते ४३ अंशांपर्यंत गरम केलेलं केमोचं औषध, बहुधा मायटोमायसिन, तासभर ते दीड तास पोटात फिरवतात. त्याला हायपेक म्हणतात. ऑपरेशन आठ, दहा, कधी त्याहून जास्त तास चालतं.

मुंबईत खासगीत या सगळ्याला आठ ते पंधरा लाख धरून चालावं. गुंतागुंत झाली आणि दुसऱ्यांदा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर त्याच्याही वर. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून तो फोडून बघू. औषध स्वतः फार महाग नाही, काही हजारांचं. महाग असतो तो हायपेक यंत्राचा एकदाच वापरायचा नळ्यांचा संच, दीड लाखापर्यंत जाऊ शकतो. आतडं जोडायला स्टेपलर आणि त्यांच्या कार्ट्रिज लागतात, किती लागणार ते आधी सांगता येत नाही, आणि बिलात हेच सगळ्यात फुगतं. आयसीयूचे दिवस दोन ते पाच, प्रत्येक दिवसाचे पंधरा ते तीस हजार. अल्ब्युमिनची एक बाटली चार-पाच हजारांची, त्या अनेक लागू शकतात. प्लीहा काढण्याची शक्यता असेल तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लशी शक्यतो दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात, ते दहा हजार वेगळे. रक्तासाठी दाते लागतील. औद्योगिक वसाहतीत ती एक चांगली गोष्ट आहे, शिफ्टमधली चार पोरं हाक मारल्यावर येतात.

अंदाजपत्रक मागताना चार गोष्टी लिहून मागा: संचाचा खर्च धरलाय का, स्टेपलर किती धरलेत, आयसीयूचे दिवस किती धरलेत, आणि पोट उघडल्यावर आजार काढण्यापलीकडचा निघाला व तसंच बंद करावं लागलं तर बिल किती होईल. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारा.

पैसे घालून मिळतं काय? २०१२ मध्ये जगातल्या १६ केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. अपेंडिक्सपासून झालेल्या स्यूडोमिक्झोमात हे ऑपरेशन केलेल्यांपैकी ६३ टक्के दहा वर्षांनी हयात होते. ऑपरेशनमुळे दगावणारे दोन टक्के, मोठी गुंतागुंत झालेले चोवीस टक्के. पोटातल्या कर्करोगात असे आकडे सहसा बघायला मिळत नाहीत. मात्र यात मंद गतीचे आजार जास्त आहेत. सिग्नेट रिंगसारख्या जातीला हे गणित लावू नका. आणि हे यश मुख्यतः ट्यूमर पूर्ण निघण्याचं आहे. गरम केमोचा त्यातला वाटा किती यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. तेव्हा जाहिरातीतल्या यंत्राला भुलू नका. सर्जनला विचारा, "वर्षाला अशी किती करता? माझ्या पोटात पूर्ण निघण्याची शक्यता किती?" विचारल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच आहे.

टाटाची वाट

पालघर-बोईसरच्या माणसाला परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय हे पहिलं नाव आठवतं, ते योग्यच आहे. १९४१ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. आपला तारापूरचा १९६९ चा अणुवीज प्रकल्पही त्याच खात्यातला. त्या प्रकल्पाच्या टॅप्स कॉलनीतल्यांना हे नातं घरचं वाटतं, आणि त्यांच्यासाठी खात्याची आरोग्य योजना आहेच. फक्त स्वतःहून कुठल्या खासगीत दाखल होऊ नका, आधी कॉलनीच्या रुग्णालयातून रेफरल घ्या. निवृत्तांनीही कार्ड चालू आहे ना ते बघून ठेवावं.

बाकीच्यांनी नोंदणी करताना वर्ग विचारपूर्वक निवडावा. सर्वसाधारण आणि खासगी असे दोन मार्ग असतात. डॉक्टर तेच, खर्चात मात्र मोठा फरक. घाईत "लवकर होईल" म्हणून खासगी वर्ग घेतात आणि तिसऱ्या महिन्यात दमछाक होते. सर्वसाधारण वर्गातला खर्च मुंबईच्या खासगी रुग्णालयाच्या छोट्याशा हिश्शात भागतो. पैसे स्मार्ट कार्डावर भरायचे, तपासणी होईल तसे वळते होतात. पहिल्या दिवशी आधार, रेशनकार्ड, सगळे जुने कागद, सीडी, स्लाइड आणि ब्लॉक न्या. ब्लॉक नसला की दुसरी खेप ठरलेली. वैद्यकीय समाजसेवा विभाग पहिल्याच आठवड्यात गाठा. योजना आणि ट्रस्ट यांची वाट तिथूनच जाते. पैसे संपल्यावर जाणारे उशिरा पोचतात.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर बोईसर चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटर. डहाणू लोकल २०१३ पासून आहे, तिकीट स्वस्त आहे, गर्दी मात्र विरारपासून जीव घेते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णाला बसता येतं, रुग्णालयाचं कार्ड जवळ ठेवा. पोटावर टाके असताना हमरस्त्याने गाडी केली तर मनोरनंतर घोडबंदरपर्यंतचे खड्डे माणूस मोजत जातो. मेल-एक्स्प्रेसमध्ये कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत शंभर टक्के सवलत आहे, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के, त्यासाठी रुग्णालयाचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. गोरखपूरहून आईला आणणाऱ्या एमआयडीसीतल्या कामगाराला याचा खरा उपयोग. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि वांद्र्याचं बोर्जेस होम आहेत. जागा मिळायला वेळ लागतो, नाव आधी नोंदवा.

पैसे कोण देणार

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती. जुलै २०२४ पासून तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं झालं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती खुली झाली. फोन १५५३८८. पण नुसतं "योजना आहे" ऐकून दाखल होऊ नका. योजना ठरावीक शस्त्रक्रियांच्या यादीवर चालते. रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, "माझ्या ऑपरेशनचा पॅकेज कोड कुठला, रक्कम किती, हायपेकचा संच त्यात बसतो का?" उत्तर बसत नाही असं आलं तर वरचे पैसे कुठून आणायचे ते ऑपरेशनच्या तारखेआधी ठरवता येतं. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडच्या कामगारांनी गावचं आयुष्मान कार्ड काढून ठेवावं, ते देशभर चालतं. सत्तरीपुढच्या कुणालाही उत्पन्नाची अट न घालता २०२४ पासून हे कार्ड मिळतं.

पगार एकवीस हजारांपर्यंत असलेल्या कामगाराचा ईएसआय कापला जातो, पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन टक्के मालकाचा. नेमून दिलेल्या दवाखान्यातून रेफरल घेतलं तर जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात उपचार होतात. कर्करोगासाठी नेहमीचा आजारपणाचा भत्ता संपल्यावर वाढीव भत्ता आहे: अटी पूर्ण असतील तर पगाराच्या ऐंशी टक्के, दोन वर्षांपर्यंत. तारापूरमध्ये अडचण वेगळीच येते. ठेकेदार पगारातून कापतो आणि भरत नाही, किंवा दर सहा महिन्यांनी नाव काढून नवीन टाकतो. आपला नंबर चालू आहे का, हप्ता दिसतोय का, हे ईएसआयच्या संकेतस्थळावर आज बघा, पोट दुखायला लागल्यावर नको.

खासगी विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी वाचा. मर्यादेहून महाग खोली घेतली की कंपनी त्याच प्रमाणात इतर खर्चही कापते, पंधरा लाखांच्या बिलात ते तीन-चार लाख होऊ शकतात. तोंडाने घ्यायच्या केमोवर अनेक पॉलिसींत वेगळी मर्यादा असते. हायपेकसाठी प्री-ऑथ (आगाऊ मंजुरीच्या) पत्रात "शस्त्रक्रियेचाच भाग" असं सर्जनकडून स्पष्ट लिहून घ्या. आणि "क्रिटिकल इलनेस" पॉलिसी घेतलेल्यांनी सावध राहावं. विमा नियामकाच्या ठरलेल्या व्याख्येत सीमारेषेवरचे, कमी घातक क्षमतेचे ट्यूमर वगळलेले आहेत. "लो ग्रेड निओप्लाझम" या तीन शब्दांवर दावा फेटाळला जाऊ शकतो, पोट जेलीने भरलेलं असलं तरी. अशा वेळी अंतिम रिपोर्टमध्ये पसरलेल्या आजाराची नोंद काय शब्दांत आहे ते पॅथॉलॉजिस्टना भेटून विचारा. शब्द बदलून मागू नका, पण जे आहे ते पूर्ण लिहिलं गेलंय का ते बघा.

मुंबईतली बरीच नामांकित खासगी रुग्णालयं धर्मादाय आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो. महा ई-सेवा केंद्रात शंभराच्या आत होतो, पण दिवस जातात, म्हणून निदान झालं की त्याच दिवशी अर्ज टाका. तो दाखला मुख्यमंत्री सहायता निधीलाही लागतो. सिद्धिविनायक ट्रस्ट, इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन यांच्याकडे एकाच वेळी अर्ज करता येतात. बहुतेक निधी थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आधी भरलेल्या बिलाचे पैसे परत मिळत नाहीत. "पुढचं पुढे बघू" म्हणून उसने घेऊन भरलेलं बिल इथे बुडतं.

नंतरची वर्षं

ऑपरेशननंतर दोन-तीन महिने कामावर जाता येत नाही. स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेली वाट, असेल तर पिशव्यांचा महिन्याचा खर्च दोन ते पाच हजार, कंपनी आणि माप बदलून बघा, सगळ्यात महाग तीच सगळ्यात टिकाऊ असते असं नाही. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं खेळणं चार-पाचशेला मिळतं, त्यातून श्वास आत ओढायला ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधीच सुरुवात करा.

मग सीटी आणि रक्ततपासणी, पहिली काही वर्षं सहा महिन्यांनी, नंतर वर्षाने, बऱ्याचदा दहा वर्षांपर्यंत. वर्षाला पंधरा-वीस हजार बाजूला काढावे लागतील. सीटी जवळ पालघरला करून घेतला तर चालतो का, हे डॉक्टरांना विचारून त्याचे नियम लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी परळची खेप पडत नाही. फाइलमध्ये सगळ्यात वर तो पहिला रिपोर्ट ठेवा, लॅबच्या नंबरसकट. दहा वर्षांनी नवीन डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील, आणि त्या लॅबमध्ये तेव्हा कदाचित कुणी ओळखीचं नसेल.